तटाखालचं पाणी

१४ ऑक्टोबर, मालवण

आज बोट पाण्यात उतरली. पावसाळाभर शेडमध्ये ठेवलेल्या हवेच्या टाक्या बाहेर काढल्या, रबरी सूट उन्हात टाकले, आणि दुपारी मी नि विक्रम किल्ल्याच्या मागच्या अंगाला, खडकांपाशी, एकदा खाली जाऊन आलो. पाणी अजून गढूळ आहे. हात लांब केला तर बोटं दिसेनात. विक्रम म्हणतो, दिवाळी झाली की निवळेल.

विक्रमच्या बोटीवर माझं हे चौथं वर्ष. पहिल्या वर्षी टाक्या उचलल्या, सूट विसळले. आता पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेते, मासे दाखवते, वर आणते. फेब्रुवारीत इन्स्ट्रक्टरची परीक्षा आहे. ती झाली की स्कूबा शिकवायचा परवाना मिळेल. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेल्या बाईची पोरगी सिंधुदुर्गाखाली लोकांना श्वास घ्यायला शिकवणार, असं विक्रम येईल त्याला सांगत सुटतो. मला लाज वाटते, आणि बरंही वाटतं.

संध्याकाळी अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, भीमरत्न. बेळगावात कॉलेजवर गणित शिकवतो. आईला दम लागतोय म्हणून तिला निपाणीहून त्याच्या घरी आणलंय, तपासण्या चालू आहेत. काय निघालं विचारलं तर म्हणाला, इतकी वर्षं तंबाखूच्या धुरळ्यात काढली, थोडंफार असणारच. मग एवढे दिवस कशाला लागतायत? तर म्हणाला, दवाखान्यात गर्दी असते. अण्णाला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी निश्चिंत झाले.

२२ ऑक्टोबर, वडगाव, बेळगाव

दोन दिवसांची सुट्टी घेऊन आले. अण्णाच्या घराखाली यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट चालते आणि जमीन बारीक थरथरते. आई खिडकीपाशी बसून होती, नाकात प्लॅस्टिकची नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. मला बघून हसली.

"बघ, तुझं पाठीवर आसतंय, माझं उशाला," म्हणाली.

ती बारीक झालीय. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, वखार सुटल्यापासून तिची भूकच कमी झालीय. आप्पांनी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली, दिवसभर बोलून यायचे आणि घरात गप्प बसायचे. आता निवृत्त झाले तरी गप्पच.

आज डॉक्टरांकडे जायचं होतं. मी पण येते म्हटलं, तर आईनं मला खासबागच्या बाजाराला पिटाळलं. तिला मऊ सुताची साडी हवी होती, आणि ती म्हणे मीच निवडायची. दोन-चार दुकानं फिरून परत येईपर्यंत हे लोक दवाखान्यातून आलेसुद्धा. मला जरा राग आला. अण्णाचे डोळे लाल होते. मागाच्या कापसाचा त्रास होतो म्हणाला. वहिनीला विचारलं, तर ती चहा टाकायला आत गेली.

डॉक्टर काय म्हणाले, असं आईलाच विचारलं. "विश्रांती घ्या म्हणलं. आता आणि काय घ्यायची ऱ्हायलीया?" मग लगेच तिनं परीक्षेचं काढलं. तारीख कधी, किती दिवस, कोण घेणार. मी म्हटलं, यंदा नाही दिली तरी चालेल, पुढच्या वर्षी देईन, थोडे दिवस निपाणीला राहते. तर तिचा आवाज चढला आणि ती खोकायला लागली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "मला काय धाड भरली न्हाय. तू परीक्षा दे. न्हाय दिलीस तर मी तुझ्याशी बोलायचो न्हाय."

मालवणात मी चुकून निपाणीकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" म्हटलं की सगळे हसतात, बाई असून अशी काय बोलतेस म्हणून. आज आईच्या तोंडून ते ऐकून बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, मालवण

पाणी निवळलं. आज तळ दिसला. प्रवाळाच्या फटीत तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा गेल्या वर्षीच्याच जागी बसलाय असं मला वाटतं. विक्रम म्हणतो, तो दुसरा असेल.

आज एक बाई बोटीवर आली आणि शिडीपाशी अडून बसली. नवरा नि मुलगा उतरले, ती उतरेना. मी तिला सांगितलं, माझी आई आजवर घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. ते खरं आहे. तिच्या माहेरी, चिकोडीकडच्या खेड्यात, विहिरीच्या पायऱ्या आमच्या माणसांसाठी नव्हत्या. वर घागर घेऊन उभं राहायचं, कुणी ओतलं तर ओतलं. त्यामुळं आईला नाही, मामाला नाही, कुणालाच पोहता येत नाही. अण्णा बेळगावला कॉलेजात होता तेव्हा सुट्टीत मला पोहायच्या तलावावर न्यायचा. एका उन्हाळ्यात आईही आली होती. ती तारेच्या कुंपणाबाहेर टॉवेल घेऊन उभी असायची. सावलीत बस म्हटलं तरी बसायची नाही. माझं डोकं पाण्याखाली गेलं की ती कुंपणाची तार धरायची.

ती बाई शेवटी उतरली. वर आल्यावर रडली आणि मला मिठी मारली.

२७ डिसेंबर

गर्दीनं जीव नकोसा झालाय. एका मागोमाग एक बोटी, पाण्यात माणसंच माणसं. आठवडाभर काही लिहिलं नाही.

आज आईचा फोन. आई आता निपाणीला परत गेलीय. ती कधी काही मागत नाही. आज म्हणाली, तू कुठं जातीस त्ये एकदा बघायचंय. मी म्हटलं, उन्हाळ्यात ये, तेव्हा गर्दी कमी असते. ती म्हणाली, "उन्हाळा लई लांब हाय गं. आत्ताच यितो." आंबोली घाटातली थंडी तिला सोसायची नाही असं मी अण्णाला सांगितलं. अण्णा म्हणाला, गाडीच्या काचा लावून आणतो. त्याच्या कॉलेजात आता परीक्षा चालू असतील, तरी त्यानं रजा काढली. मला आश्चर्यच वाटलं.

७ जानेवारी

आले सगळे. आप्पा, अण्णा, आई. गाडीत मागं ऑक्सिजनची छोटी टाकी ठेवली होती. फक्त घाटासाठी आणली म्हणे. पण इथं धक्क्यावरही ती आईच्या मांडीशीच होती.

विक्रमनं आज सकाळची गिऱ्हाइकं दुसऱ्या बोटीवर दिली. त्यानं आणि अण्णानं मिळून आईला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. ती नवरीसारखी लाजली. किल्ल्यात पायऱ्या आहेत, आत जाणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही तटाच्या कडेनं बोट फिरवली. मी तिला बुरूज दाखवत होते. ती दगड बघत होती. म्हणाली, "येवढं दगड बोटीतनं आणलं आसतील? कुणी उचललं आसतील गं?" पर्यटकांना सांगायची माहिती मला तोंडपाठ आहे, पण त्यात हे नाही.

मागच्या अंगाला बोट उभी केली. विक्रमकडं तळाला काच बसवलेला एक डबा आहे, तो पाण्यावर टेकवला की खालचं दिसतं. आप्पांनी आईला पाठीमागून धरलं, अण्णानं डबा धरला, आणि मी उतरले. पाणी आज आरशासारखं होतं. तळाला जाऊन मी उताणी झाले आणि वर पाहिलं. काचेत आईचं तोंड दिसत होतं, नळीसकट. मी हात हलवला. तिनंही हलवला असणार, कारण डबा एकदम कलंडला आणि तोंड दिसेनासं झालं. मग पुन्हा दिसलं. मी तिला प्रवाळ दाखवलं, एक समुद्रकाकडी, काकडीसारखा तो मऊ जीव, उचलून दाखवली, पट्ट्यांचा मासा दाखवला. एवढ्या लोकांना हे दाखवलंय, पण आज प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा दाखवली.

वर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "खाली दम लागला तर काय करतीस?"

मी सांगितलं, थांबायचं, हलायचं नाही. सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा.

"आणि न्हाईच आला तर?"

"शेजारच्याला खूण करायची. तो त्याची नळी देतो. एकट्यानं कुणी उतरतच नाही आमच्यात."

"ह्ये बरं हाय," म्हणाली आणि अण्णाकडं बघितलं. अण्णा दुसरीकडं तोंड करून डबा पुसत बसला.

जाताना तिनं विक्रमला बाजूला घेऊन काहीतरी बराच वेळ सांगितलं. काय सांगत होती विचारलं, तर विक्रम म्हणाला, "तुका येळेर जेवूक घालूक सांगल्यान." आई बाकी अगदी ताजीतवानी दिसत होती. समुद्राची हवा तिला मानवली. सीझन संपला की तिला महिनाभर इथंच ठेवून घ्यायचं मी ठरवलंय.

२१ जानेवारी

आईचे फोन कमी झालेत. आधी रोज रात्री जेवणाच्या वेळी करायची, आता फक्त सकाळी, तेही दोन वाक्यं. व्हिडिओ लावू म्हटलं तर आप्पा म्हणतात नेट नाही. निपाणीत नेट नाही, आणि मी समुद्रात असून मला आहे. मी हसले, ते हसले नाहीत.

शनिवारी येऊन जाते म्हटलं तर अण्णा ठामपणे नको म्हणाला. अभ्यास कर, परीक्षा झाली की ये. मला वाईट वाटलं. मला न बघता राहायची त्यांना सवय झाली असेल. चार वर्षं मीच तर बाहेर आहे.

३ फेब्रुवारी

बुडणाऱ्याला वर आणायचा सराव. विक्रम बेशुद्ध पडल्याचं नाटक करतो, मी त्याला ओढत बोटीपर्यंत आणते. तो आडदांड आहे, माझे खांदे भरून आलेत. आज मध्येच त्यानं डोळे उघडून विचारलं, घराक जाऊन येतंस काय? मी म्हटलं, घरचेच नको म्हणतायत. तो पुन्हा डोळे मिटून बुडाला.

१० फेब्रुवारी

उद्यापासून परीक्षा, तीन दिवस. आईला फोन लावला. अण्णानं उचलला. तो निपाणीला कसा, विचारलं, तर म्हणाला रविवारचा आलोय. आज शनिवार आहे हे माझ्या नंतर लक्षात आलं. तोही गोंधळतो कधीकधी.

त्यानं फोन आईला दिला. मीच बोलत होते. भीती वाटतेय, लेखी पेपर इंग्रजीत आहे, परीक्षक गोव्याचे आहेत. ती नुसती "हं, हं" करत होती. मागं कसलातरी फुसफुस आवाज येत होता, बहुतेक टीव्ही. मी विचारलं, ऐकतेस का? तर म्हणाली, "जा. ये." एवढंच. मी जरा रुसूनच फोन ठेवला. मोठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आईनं थोडं तरी बोलावं की नाही?

१३ फेब्रुवारी

पास.

घाईत लिहितेय. परीक्षकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पाण्यातली परीक्षा दुपारी संपली. वर आले तर विक्रम शिडीपाशी उभा होता. त्यानं माझी टाकी स्वतः उतरवली, जे तो कुणासाठीच करत नाही, आणि एकही टोमणा मारला नाही. फक्त म्हणाला, "बॅग भर. तुका निपाणीक सोडतंय." स्वतः गाडी चालवत नेणार, एवढ्या लांब. मला भरून आलं. घरी फोन लावला तर कुणी उचलत नाही. बरंच आहे, समोर जाऊनच सांगीन. विक्रम गाडीत पेट्रोल भरायला गेलाय तेवढ्यात हे लिहिलं.

आईसाठी खाजं घेतलं, गुळाचं, मऊ बघून.

३ मार्च, निपाणी

लिहायला बसते आणि उठते.

आई तेरा तारखेला पहाटे गेली. मी पाण्यात उतरायच्या आधी. विक्रमला सकाळीच कळलं होतं. अण्णानंच त्याला सांगितलं की दुपारपर्यंत बोलू नको. गाडीत मी आंबोलीपर्यंत बडबड करत होते. लेखी पेपरात काय आलं, परीक्षक काय म्हणाले. आंबोलीत त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तेव्हा मला कळलं.

गल्लीत माणसं थांबली होती. माझ्यासाठीच थांबवलं होतं. आईच्या अंगावर खासबागची साडी होती.

१० मार्च

अण्णाशी मी बोलत नव्हते. आज बोलले. सगळं विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं. ऑक्टोबरमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं की फुप्फुसं दगडासारखी झालीत, औषध नाही, आई उन्हाळा बघणार नाही. मी साडी निवडत होते तेव्हा. शेवटचा आठवडा तर ती मोठा मास्क लावून होती. मी फोन केला त्या दिवशी तिनं तो स्वतः काढला. अण्णा नको म्हणत होता. मास्क लावल्यावर तिचा आवाज वेगळा येतो, पारूला कळंल, असं तिनं खुणेनं सांगितलं. "हं" म्हणण्याइतकाच श्वास होता तिच्यापाशी. फुसफुस त्या मास्कची होती.

मी म्हटलं, "मी परीक्षा टाकून आले असते."

"म्हणून तर सांगितलं न्हाय."

"तुला काय अधिकार होता?"

"मला कसला अधिकार, पारू? तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. मी काय करायचं होतं ते तूच सांग."

तो चाळिशीचा माणूस, मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसले, पण त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. अजून ठेवावासा वाटत नाही. कधीतरी ठेवीन.

१७ मार्च

वखारीतल्या बायका आल्या होत्या. आईसाठी बुद्धवंदना झाली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गर्दीत बोलता आलं नव्हतं, म्हणून आज पुन्हा आल्या. मनुबाई आईच्या शेजारी बसून तंबाखू चाळायच्या. त्याही आता बोलताना मध्ये थांबतात. त्या म्हणाल्या, मालवणहून आल्यावर सोनुबाईनं, तुझ्या आईनं, आम्हाला बोलावून घेतलं आणि दुपारभर सांगितलं. पाण्याखाली झाडं असत्यात, त्यास्नी पानं नसत्यात. मासं माणसाला भीत न्हाईत. आणि माझी पारू तिथं आडवी पडून माझ्याकडं बघून हसली.

डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी असताना हसता येत नाही. मी हात हलवला होता फक्त. पण मनुबाईंना मी तसं सांगितलं नाही.

मशीन न्यायला परवा बेळगावहून माणूस आला होता. आप्पांनी ते पुसून ठेवलं होतं. नळी गुंडाळून वर दोरा बांधला होता. माणूस जिना उतरून गेल्यावर आप्पा कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत केर काढत राहिले.

२१ एप्रिल

विक्रमचा फोन. ये म्हणत नाही, पाणी कसं आहे तेवढं सांगतो. आज म्हणाला, पाणी काचेसारखं आहे. मी परत जाणार की नाही, मला माहीत नाही. परवाना टपालानं आला, पाकीट फोडलेलं नाही. पाण्यात उतरायचा विचार केला की मी उठून दुसरं काम काढते. लोकांना काय सांगू, घाबरू नका, श्वास येत राहील म्हणून?

आप्पा जेवताना मध्येच म्हणाले, "मला न्हेशील का तिकडं? मी त्या दिशी नुसतं तिला धरून बसलोतो. मला काय दिसलंच न्हाय."

१९ मे, मालवण

आप्पांची तपासणी झाली, हृदय चांगलं आहे. सीझनचे शेवटचे दिवस आहेत, पुढच्या आठवड्यात बोटी वर ओढतील. दोन दिवस त्यांना किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात शिकवलं. ते एकदाही का, कशाला म्हणाले नाहीत. इन्स्ट्रक्टर म्हणून माझा पहिला विद्यार्थी.

आज सकाळी किल्ल्याच्या मागं त्यांना घेऊन उतरले. मीही फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. दोन हात खोल जाताच माझाच श्वास तुटायला लागला. मास्कमध्ये पाणी साचलं, ते समुद्राचं नव्हतं. मी वर जायची खूण करणार, एवढ्यात आप्पांनी माझं मनगट धरलं. घट्ट, बस वळणावर असताना प्रवाशाला धरायचे तसं. त्यांना भीती वाटतेय असं मला आधी वाटलं. पण त्यांचे बुडबुडे एकसारखे जात होते. ते माझ्याकडं बघत होते आणि थांबले होते. मग मीही थांबले. हळूहळू श्वास जागेवर आला.

तळाशी मी त्यांना सगळं दाखवलं. ते वाकून, मान तिरकी करून बघत होते, जुनं तिकीट तपासावं तसं. एक लहान कासव आलं, जे मला या सीझनला एकदाही दिसलं नव्हतं. ते अगदी आमच्या अंगावरून, वल्ही मारत, तटाकडं गेलं. आप्पांनी दोन्ही हात पसरले आणि ते दिसेनासं होईपर्यंत तसेच ठेवले.

वर आलो. त्यांनी शिडी धरली, तोंडातली नळी काढली. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, पोरासारखा, सगळाच्या सगळा उघडा.

"तुझ्या आईला सांगाय पायजे ह्ये," म्हणाले. "घरात गेल्या गेल्या पयलं सांगतो."

मग ते तसेच शिडीला धरून राहिले. लाट यायची, त्यांना उचलायची आणि खाली ठेवायची. मी मागून त्यांच्या पाठीवरची टाकी उचलून धरली, भार लागू नये म्हणून. विक्रम इंजिनापाशी उभा होता. बराच वेळ त्यानं ते सुरू केलं नाही.